श्वास अडवायचा नाही

उन्मेष : पंचवीस मिनिटांत हवेचा अर्धा सिलिंडर संपवलात, मनोहरराव. तोही अकरा फूट पाण्यात. श्वेताचा काटा बघा, पावसुद्धा संपला नाही.

मनोहरराव : तिची छाती लहान आहे सर. मले जास्त लागते.

उन्मेष : एवढा फरक छातीनं पडत नाही. आधी पाठीवरचं उतरवा. हं, बसा त्या पायरीवर. थकलात?

मनोहरराव : थकाले काय झालं? काल सागवानाचा ट्रक आलता. त्याचं अंग दुखून राहिलं, बाकी काही नाई.

उन्मेष : लकडगंजात ट्रक अजून तुम्ही उतरवता?

मनोहरराव : पोरं उतरवतात. पण मशीनवर ओंडका सरळ लावाले माणूस लागते ना. एकतीस वर्षं झाली मले आरा मशीनवर. मी नसलो की मालकाचा फोन येते.

श्वेता : सर, तिकडच्या मॅडमनी पण हेच सांगितलं होतं. मार्चमध्ये अंदमानला आम्हाला दोघांना सर्टिफिकेट मिळालं ना, तेव्हा. म्हणे पास झालात, पण घरी जाऊन स्विमिंग पूलमध्ये सराव करा, बाबांची हवा लय लवकर संपते.

मनोहरराव : चार वेळा समुद्रात गेलो आन् चारही वेळा माह्यापायी सगळ्यायले वर यावं लागलं. एक बंगलोरचे नवरा-बायको होते. तो माणूस बोटीवर नुसता घड्याळीकडे पाहे.

श्वेता : पाहू द्या ना त्याला.

मनोहरराव : तुले काय जाते वं म्हणाले. तुलेबी कासव दिसता दिसता राहिलं. डिसेंबरची तिकिटं काढून ठेवली तुनं. तवरीक मले हे शिकून घेऊ दे. सांगा सर, काय चुकून राहिलं?

उन्मेष : सांगतो. खाली मी तुमच्यासमोर बसलो होतो ना, तेव्हा तुमचे बुडबुडे बघत होतो. श्वेताचे सारखे येत होते, एका लयीत. तुमचे येत होते, थांबत होते, मग एकदम भसकन. तुम्ही श्वास घेऊन अडवून धरता.

मनोहरराव : थोडा धरतो. तेवढीच बचत.

उन्मेष : बचत होत नाही. थोड्या वेळानं छाती जास्त मागायला लागते. वर आल्यावर डोकं दुखतं?

मनोहरराव : दुखते. मले वाटलं तो मास्कचा पट्टा टाइट आहे म्हणून.

उन्मेष : आणि मगाशी तुम्ही फुग्यासारखे वर सरकलात, मी पाय धरून खाली आणलं. का सरकलात? छाती भरलेली होती म्हणून. मनोहरराव, पहिल्या दिवशी पहिली गोष्ट काय शिकवली होती तुम्हाला?

मनोहरराव : श्वास अडवाचा नाई.

उन्मेष : का?

मनोहरराव : खालची हवा वर येता येता फुगते. छातीत कोंडली तर छाती फाटते.

उन्मेष : सगळं पाठ आहे तुम्हाला. मग का अडवता?

मनोहरराव : सवय नाई अजून. होईन.

उन्मेष : बरं. इथंच बसून करू. नाकानं नको, तोंडानं. घ्या. आता सोडा, हळू. अजून सोडा. पूर्ण रिकामं करा. अजून.

मनोहरराव : बस, झालं… झालं सर.

उन्मेष : पाणी दे गं त्यांना. सावकाश खोका, घाई नाही. हा शेवटी आला तो आवाज कसला?

मनोहरराव : कोणता आवाज?

उन्मेष : शिट्टीसारखा.

मनोहरराव : इथं पाण्यात औषध जास्त टाकलेलं आहे. घसा धरते.

उन्मेष : मी सकाळी सहापासून या पाण्यात आहे, मनोहरराव. तिसरी बॅच तुमची. माझा नाही धरला घसा. पुन्हा एकदा सोडून दाखवता?

मनोहरराव : काहून? एकदा केलं ना.

श्वेता : नका करायला लावू, सर.

उन्मेष : तू का रडतेस?

श्वेता : रडत नाही. सर, तो आवाज घरी पण येतो. बाबा पहाटे उठून पलंगावर बसून राहतात. उशीला टेकून नाही, समोर वाकून. आणि श्वासाचा पंप स्कूटरच्या डिक्कीत असतो, पाने-पकडीच्या पिशवीत.

मनोहरराव : कोणी सांगतलं तुले? तुह्या मायनं?

श्वेता : आईनं नाही सांगितलं. मी पंक्चर काढायला गेले होते स्कूटरचं.

उन्मेष : दमा आहे?

मनोहरराव : दमा नाई म्हणत डॉक्टर. भुशानं होते म्हणतात. सागाची धूळ बारीक असते. एवढी वर्षं नाकात गेली, तर थोडं घरघरन नाई तं काय. काम तर होऊन राहिलं ना माह्यं?

उन्मेष : कोर्सच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात काय लिहिलंत?

मनोहरराव : नाई लिहिलं. मले सवाल विचारला, मी नाई म्हटलं. पोरीची काही गलती नाई त्यात.

श्वेता : आहे ना बाबा. फॉर्म इंग्रजीत होता. मीच वाचून दाखवला, मीच खुणा केल्या. छातीत घरघर होते का, ते वाचून मी तुमच्याकडे पाहिलं पण नाही. तुम्ही नाही म्हणायच्या आधीच पेन टेकवलं होतं.

मनोहरराव : असं काहून केलं मग?

श्वेता : माझ्यासोबत येणाऱ्या मैत्रिणीनं, गुंजननं, ऐन वेळी नाही म्हटलं. तुम्ही सुट्टी घेऊन आला होता. जन्मात पहिल्यांदा विमानात बसला होता. तिथून तुम्हाला परत कुठं नेऊ? आणि मला एकटीनं नव्हतं उतरायचं खाली.

उन्मेष : तुम्ही दोघंही चार वेळा नशिबानं वर आलात. मला ओरडायचंय खरं तर. आता ताकद नाही.

मनोहरराव : ओरडा ना सर. बरं वाटन.

उन्मेष : मनोहरराव, ज्याची हवा पूर्ण बाहेर पडत नाही, त्यानं खाली जायचं नसतं. तुम्ही श्वास अडवला नाहीत तरी तुमची छाती तो अडवते. सरावानं जाणारी गोष्ट नाही ही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी तुम्हाला या पूलमध्येसुद्धा सिलिंडर लावू देणार नाही.

मनोहरराव : डॉक्टर नाई लिहून देणार.

उन्मेष : विचारून तर बघा.

मनोहरराव : विचारलं. ऑगस्टमध्ये. त्यायले वाटलं मी मजाक करून राहिलो. मग म्हणे मिस्त्री, आरा मशीन पण सोडा आता.

श्वेता : ऑगस्टमध्ये? आणि तरी तुम्ही दर रविवारी येऊन राहिले इथं?

मनोहरराव : हो.

श्वेता : काहून पण?

मनोहरराव : कसं सांगू तुले. पहिल्यांदा ती सिलिंडरची नळी तोंडात धरली ना, बोटीवरच, पाण्यात जायच्या आधी, तं असं वाटलं का छाती धुऊन निघाली. भुसा नाई, धूर नाई, काही वासच नाई त्या हवेले. मी म्हटलं, अशी हवा भेटली तं आपण बरे होऊन जाऊ. वेड्यावानी गोष्ट आहे, मले समजते. पण महिन्यातून चार तास भेटे. तेवढ्यासाठी येत होतो.

उन्मेष : टॉवेल घ्या, अंग पुसा.

श्वेता : मी तिकिटं रद्द करते.

मनोहरराव : करू नको.

श्वेता : मी एकटी काय करू तिथं?

मनोहरराव : कासव पाह्यजो.

श्वेता : बाबा, मास्कमध्ये पाणी शिरलं की माझं काय होते माहीत आहे ना तुम्हाला? तिथं तुम्ही मनगट धरलं म्हणून पास झाले मी. त्या मॅडमना वाटलं मीच केलं. इथं पण दर वेळी तुमचा हात असतो. मी अजून एकदाही एकटीनं मास्क काढला नाही.

उन्मेष : हे मला दिसलं होतं. मनोहररावांचं झालं की तुझं घेणार होतो.

श्वेता : आज नको सर. मी खरंच थकले.

मनोहरराव : मीबी थकलो. सरबी थकले. सर, किती वेळ आहे आपला?

उन्मेष : वीस मिनिटं. चारला पोहायच्या क्लासची मुलं येतात.

मनोहरराव : मग जा वं. वीस मिनिटांत काय होते. मी या काठावर बसतो.

श्वेता : वर यावं वाटलं तर?

उन्मेष : तर ये, हळू, श्वास सोडत सोडत. कुणी काही म्हणणार नाही. पण आधी तळाशी गुडघ्यांवर बस, मास्क काढ, आणि तोंडानं श्वास घेत राहा. नाकात पाणी आहे तर असू दे. मग लाव, वरची कड दाब, नाकानं हवा सोड. मी समोर असेन. हात मात्र लावणार नाही.

श्वेता : बाबा, तुम्ही खोकू नका मध्येच. मला ऐकू येईल.

मनोहरराव : नाई खोकत. जा.

(श्वेता आणि उन्मेष पाण्याखाली जातात. बुडबुडे वर येत राहतात. बऱ्याच वेळानं दोघं काठापाशी वर येतात.)

मनोहरराव : झालं?

उन्मेष : तीनदा केलं तिनं. पहिल्यांदा पाऊण मिनिट लागलं, शेवटी पंधरा सेकंद.

मनोहरराव : हात?

उन्मेष : माझे हात पूर्ण वेळ पाठीमागे होते.

मनोहरराव : डोळे लाल झाले तुह्ये.

श्वेता : झोंबून राहिले. दुसऱ्यांदा मी वर येणारच होते, बाबा. नाकात पाणी गेलं, काही सुचेना.

मनोहरराव : मग?

श्वेता : वर पाहिलं तर पाय दिसले. पाण्यात सोडलेले.

मनोहरराव : माह्ये? मास्क तं नव्हता तुह्या डोळ्यावर.

श्वेता : धुरकट दिसत होते. पण तुमचेच होते.

मनोहरराव : सर, चारला किती कमी आहेत?

उन्मेष : पाच मिनिटं.

मनोहरराव : मग अजून एकदा जाऊन ये, पोरी. मी पाय नाई काढत.