गिवीसकट कुतैसी

हसा, हसा तुम्ही! तुमचं काय जातंय हसायला? तुमच्या बायकोचा चेहरा दुसऱ्याच्या थडग्यावर कोरलेला नाहीये ना! माझ्या बायकोचा आहे. लामाराचा पहिला नवरा गिवी, देव त्याला शांती देवो, ऐन तरुणपणी गेला. आता त्याच्या आईनं काय करावं? थडग्याच्या जागेला चारी बाजूंनी कुंपण घातलं, काळा गुळगुळीत दगड आणला, त्यावर लेकाचा चेहरा कोरून घेतला आणि शेजारी सुनेचाही! धडधाकट, जिवंत सुनेचा! खाली जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे जागा मोकळी. आमच्याकडे असं करतात, कुणाला काही वाटत नाही. पण दर ईस्टरला त्या थडग्यावर वाइन शिंपडायला मी जातो ना, तेव्हा एक लामारा दगडातून माझ्याकडे बघत असते आणि दुसरी खाली बसून गवत उपटत असते... तुम्हाला सांगतो, अंगावर काटा येतो.

म्हटलं, बास. आता आपलीही साठी आली, एकदाचं विचारूनच टाकू, की बाई गं, शेवटी तू निजणार कुणाशेजारी? त्याच्या की माझ्या? पण तिबिलिसीत विचारणार कुठे? घरात गिवीचं कपाट, गल्लीत गिवीचे दोस्त, खाली अंगणात गिवीनं लावलेली द्राक्षाची वेल! म्हणून कुतैसी. जुनं शहर, नदी, टेकडीवर चर्च, आणि मुख्य म्हणजे गिवीला तिथे काळं कुत्रं ओळखत नाही. दोघांसाठी गेलो होतो हो आम्ही, फक्त दोघांसाठी!

खोली घेतली ती त्सिआलाबाईंकडे. विधवा बाई, घरात त्या आणि त्यांचा थोरला भाऊ वारलाम. मी आधीच बजावलं होतं, आम्हाला जेवण नको, आम्ही दोघं बाहेर जाऊ. पण कुतैसीत ऐकतंय कोण? बॅगा खाली ठेवतोय तोवर दुपारचं टेबल भरलंसुद्धा! चीज भरलेली खाचापुरी काय, घेवड्याची उसळ काय, अक्रोड लावलेली वांगी काय! वारलामनं घरची वाइन काढली, माझ्या मिशांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, तामादा तुम्हीच. म्हणजे पंगतीचा कारभारी हो! प्रत्येक प्याला कुणाच्या नावानं उचलायचा ते त्यानं ठरवायचं, भाषण ठोकायचं, मग सगळ्यांनी प्यायचं. आता आमच्या सबंध गल्लीत तामादा कोण? हा बोंदो! लग्न असो, बारसं असो, बोंदो! मी नाही कसा म्हणणार?

मग काय, देश झाला, आया झाल्या, लेकरंबाळं झाली... आणि आली गेलेल्यांची पाळी. ती चुकवता येत नाही. बाकी काहीही विसरा, पण पंगतीतल्या एखाद्याचं मेलेलं माणूस तामादाकडून राहून गेलं, तर त्यानं मिशा उतरवाव्यात. त्सिआलाबाईंचे यजमान झाले, त्यांची आई झाली. मग बाईंनी लामाराला हळूच विचारलं, तुमचं कोण गेलंय? लामारा टेबलावरच्या कापडाची सुरकुती सारखी करत राहिली आणि म्हणाली, "कोणी नाही."

आता गप्प बसायचं की नाही? गप्प बसलो असतो तर आज सुखात असतो! पण समोर प्याला भरलेला, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, आणि आपल्या बायकोचं माणूस बिननावाचं ठेवायचं? माझ्यातला तामादा ऐकेना. उठलो, म्हटलं, "आमचा गिवी!" आणि सुटलो की हो! मी त्या माणसाला जन्मात कधी पाहिलेलं नाही. सगळं पदरचं! असा दिलदार, असा देखणा, स्वतःची छत्री दुसऱ्याला देऊन भिजत घरी येणारा... आणि नासपती सोलायला बसला की साल एकसंध, लांबच लांब, आणि सोलता सोलता तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा...

लामारा पांढरीफटक. म्हणाली, "नासपतीचं तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं? कुणीच नाही! मीच रचलं होतं! आता माझी काय अवस्था झाली असेल सांगा. गेलेल्याच्या नावानं पावावर वाइनचे दोन थेंब शिंपडायचे तिथे अर्धा प्याला सांडला, आणि डोक्यात एकच... मी नाही बोललो, तर माझ्या तोंडून बोललं कोण? इकडे त्सिआलाबाई डोळे पुसत उठल्या, एक जादा प्याला आणला, काठोकाठ भरला आणि ठेवला. कुठे? आमच्या मधे! दोघांसाठी गेलो होतो हो आम्ही!

बाईंनी रातोरात गावभर केलं असणार! दुसऱ्या दिवशी बाजारात चीजवाली म्हणते, "फार वाईट झालं हो तुमच्या गिवीचं," आणि त्याच्या वाटणीचा चीजचा गोळा माझ्याच पिशवीत! वर टेकडीवर चर्चमध्ये जावं, तर बाईंनी आमच्याआधी येऊन त्याच्या नावाची मेणबत्ती लावलेली. बाहेर बाकावर बसलो, तर लामारा त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मधली जागा रिकामी. वारा कुठे म्हणून नाही, झाडाचं पान हलत नाही, आणि मला मात्र एकाच बाजूनं गार लागतंय. कुठली बाजू ते विचारू नका! त्यात तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बोंदो, तू गुणगुणतोयस का?"

गुणगुणत होतो हो मी. कुठलं गाणं, देव जाणे.

शेवटी नदीवरच्या पुलावर आलो. खाली पाण्यातले पांढरे दगड, संध्याकाळची बस गाठायची होती, आणि माझा धीर सुटला. म्हटलं, लामारा, एकदा काय ते सांगून टाक, तू शेवटी निजणार कुणाशेजारी? मला या वयात झोप लागत नाही गं या विचारानं.

ती कठड्याला टेकली आणि म्हणाली, "तुला लागेल म्हणून इतकी वर्षं मी त्याचं नाव घेतलं नाही, बोंदो. काल तू घेतलंस. इतकं चांगलं तर त्याच्या सख्ख्या भावानंही कधी घेतलं नव्हतं. मला फार बरं वाटलं रे." आणि रडली हो, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. खरं सांगू? मीही रडलो. त्या मेल्या माणसाचा मला एकदम लळाच लागला.

मग डोळे पुसून म्हणाली, "आणि जागेचं म्हणशील तर मी तुला सोडून कुठे जाणार आहे? त्याच कुंपणात तुझी जागा मी कधीच राखून ठेवलीय."

काय आनंद झाला म्हणून सांगू! बसमध्ये तिचा हात धरून बसलो, अर्धा रस्ता हवेत. आणि मग ते थडगं डोळ्यांपुढे आलं... दगडात लामारा डावीकडे, अगदी कुंपणाला चिकटून. तिच्या पलीकडे बोट शिरत नाही. तिच्या उजवीकडे गिवी. मग मोकळी जागा उरली कुठे?

गिवीच्या पलीकडे.

तिला म्हटलं, अगं, मधे तर तो येतोय! तर म्हणते कशी, "मग? तुमचं आता चांगलं जमलंय की."

पटलं मला. इतकी वर्षं झोपलाय बिचारा, आता त्याला उठवून जरा सरक म्हणायला कोण जाणार?