कुरड्यांखालचं कापड

हॅलो?... हॅलो, कोन? दीपमाला? बोल, पन लवकर बोल, हात ओले हायेत माहे. धुन्याच्या सोड्याचं पानी उकळत ठेवलं चुलीवर...

नाई वं, पाव्हने नाई आले. एक कापड निळं पडलं, ते सोड्यात टाकून राह्यली...

कोनतं म्हंजे? तुहंच. कोठीतल्या पेटीत काळ्या पन्नीत गुंडाळलेलं नवतं का? रविवारी रात्री लाइट बंद करून तू औषध लावत बसली होती, ते... हॅलो? दीपा?... अवं बोल ना. फोन पडला का हातातून?

वरडू नको! नाई टाकलं अजून. अवं ऐक ना, नाई टाकलं म्हंतो ना!... हो, साध्या पान्यातच हाये... नाई, साबन नाई. लावनारच होती, तितक्यात तुहा फोन आला... साबनानं सारंच उडते? मंग मले तेच तं पाहिजे होतं!

बरं. बरं. नाई लावत... चूल इझवू? इझवली.

आता शांतीनं सांग, रडू नको... हो, उघडली पेटी. वाचलं ना, ‘उघडू नये’. मले वाटलं, ते बाकीच्यायसाठी हाये. माय का बाकीच्यायत येते?

काऊन म्हंजे? कुरड्यायले कापड कमी पडलं. तीन दिवस गहू भिजू घातलेला, पहाटं तीनले उठून चीक शिजवला, शोभाबाई सोऱ्या घेऊन हजर, अन् दोन धोतरं तं निम्म्या चिकातच भरले. तुहं चांगलं पलंगपोसाएवढं. हिरवं-पिवळं दिसलं, मले वाटलं हळदीचं हाये...

हो, उन्हातच. कुरड्या का फ्रीजात वाळवतेत?... ऊन लागलं तिथं निळं छापते, सावलीत पांढरं राह्यते? मंग मले तसं सांगून ठेवाचं होतं... सांगितलं होतं? कवा?... त्या वक्ती मी भाकरी करून राह्यली होती. भाकरी करतानाचं सांगितलेलं धरत नसते.

पुढं काय. तासाभरानं पाह्यतो तं कापड काळंनिळं! शोभाबाई म्हने, नजर लागली. कुरड्या उचलल्या, कापड दोन पान्यातून काढलं, तं पिवळं निंघून गेलं अन् निळं आनखीच पक्कं झालं... हसतं काऊन? आताच तं रडून राह्यली होती... असंच करतेत? उन्हात टाकाचं अन् पान्यात धुवाचं? बस? त्याच्यासाठी चार वर्षाचं कॉलेज?

कुरड्या टोपल्यात हायेत. खालून निळ्या झाल्या जराशा... खायच्या नाई? गाईलेही नाई?... थांब. अवो! अवो, ऐकलं का! तोंडातली थुका!... थुका म्हंतो ना, पोरीचं औषध हाये त्याले! चूळ भरा! दोनदा!... हो दीपा, ठीक हायेत. चाटलीच होती नुसती. ओली कुरडई दिसली का तुह्या बाबाचा हात राह्यते का? म्हंतेत, चव चांगली होती.

उद्या सकाळीच कॉलेजात द्याचं हाये? अन् औषध संपलं?... मंग आता काय करतं?... सांग ना वं. गलती माही झाली, दीपा. माह्या हातानं तुहं वर्ष गेलं, तं मले जेवन गोड लागनार नाई.

फोटो? थांब, दोरीवर टाकतो आधी... गेला का?... माहा अंगठा दिसते? हा घे दुसरा... दिसल्या ना छापलेल्या कुरड्या? पांढऱ्या, गोल गोल, जाळीजाळीच्या. डाव्या बाजूच्या तुटक हायेत, त्या शोभाबाईच्या, माह्या नाई...

मधात? मधात काय हाये?... ते काई नाई. डाग हाये.

डागाले वेनी कशी, म्हंतं?...

बरं, सांगतो. बाबा आंगनात गेले, हळू बोलतो. पाखरं हाकलत बसली होती कापडावर. सकाळचं कोवळं ऊन, तीनची उठलेली... तिथंच आडवी झाली जराशी. पाच मिनिटं... बरं, तासभर! पन एका कुरडईले धक्का नाई लागू देल्ला.

कोन मॅडम? कॉलेजातल्या? फोटो दाखवला त्यायले? अवं पोरी! नको देऊ फोन, नको... नमस्ते मॅडम! हो, मीच, सीताबाई... नाही मॅडम, ठरवून नाही झोपली... जागा? कुरड्यांनी सोडली तेवढीच होती मॅडम... हो, उजव्या कुशीवर. रोजचीच... हो. हो, देते. धन्यवाद.

दीपा? काय म्हनून राह्यल्या त्या?... तेच लावाचं प्रदर्शनात? मले? साऱ्या नागपुरासमोर?... अवं लोकं म्हनतीन, प्रेमदासची बायको दिवसा लोळून राह्यते! माहीत हाये, चार वर्षं माह्या मागं लागली होती तू, आई एक फोटो काढू दे म्हून. मले नाई आवडत. मी फोटोत भांडून आल्यावानी दिसतो...

थांब. पाहू दे मले नीट.

हं... हात गालाखाली. पाय पोटाशी घेतले... मी एवढीशीच हाये का वं?... माही माय अशीच निजे. अशीच, अंग चोरून... नाई, रडत नाई. वाफ गेली डोळ्यात... इझवली चूल, माहीत हाये मले.

बरं, आनतो. दुपारच्या गाडीनं पुलगाववरून निंघतो... घडी नाई करत, गुंडाळी करतो... नाव? दोघीचं लिही. अन् शोभाबाईचंही लिही, नाईतं जन्मभर बोलन.

अन् एक सांग, मले टांगनार कशी तुम्ही?... उभी? काऊन, भिंत अरुंद हाये म्हून?... नाई. मॅडमले सांग, माय म्हंते दुसरी भिंत पाहा, पन आडवीच टांगा. उभी तं मी रोजच असतो... हो, हसा दोघी. ठेवतो आता.