बाटलीचं बटण

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती. आजोबांच्या हातात दाबायच्या बटणाची साबणाची बाटली होती; ते बटण मुलीनेच बनवलेलं.

"बघ, उजव्या हाताच्या एका बोटाने दाबलं! महिन्यापूर्वी थेंब निघत नव्हता. स्प्रिंग दगड आहे म्हणालो होतो की नाही?"

"म्हणाला होतात."

"मोठी इंजिनियर! शेवटी बापाचंच ऐकलंस. रोज दोनशे वेळा दाबून तपासतो मी, उगाच नाही. आता कसं लोण्यासारखं जातंय! काय बदललंस?"

"काहीच नाही, बाबा."

"काहीच नाही कसं?"

"बाटली तीच आहे. स्प्रिंगपण तीच."

आजोबांनी पुन्हा एकदा बटण दाबलं.

"मग पुढच्या खेपेला जरा कडक आण."