वगळलेलं नाव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपल्या कार्यालयातले भाऊसाहेब, सोबत आलेल्या वहिनी, आणि शिलाई विभागातल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागायचं नाही, आधीच सांगते.

भाऊसाहेबांचे माझ्यावर उपकार आहेत. माझी शाळा चौथीतच सुटली. कार्यालयातलं वर्तमानपत्र ते दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर आणून ठेवायचे. विम्याचा कागदही त्यांनीच वाचायला शिकवला. म्हणायचे, "ताई, आधी बारीक अक्षरं वाचा. मोठी नुसती शोभेला असतात."

हा आजारपणाचा विमा दरवर्षी महागतो, आणि घरातली जितकी नावं घालू तितका हप्ता आपल्या पगारातून कापला जातो. मग चहाच्या सुट्टीत आपण काय बोलतो?

"यंदा कुणाचं नाव काढणार गं?"

"सासूबाईंचं काढलं तर त्या मलाच घरातून काढतील!"

हसतो आपण. हसून झालं की अर्ज भरतो.

सहा वर्षांपूर्वी हप्ता एकदम दीडपट झाला. आमचे हे सुतारकाम करायचे. म्हणाले, "माझं काढ. मला काय धाड भरलीय? पोरींची राहू दे." मी काढलं. सही माझी आहे. त्याच वर्षी हातात रंधा असताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, "दुखणं अंगावर काढलंय. आधी का नाही आणलंत?" मी म्हटलं, कधी बोललेच नाहीत हो.

मागच्या सोमवारी भाऊसाहेब माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. "ताई, तुमचे यजमान जाण्याआधी पंधरा दिवस माझ्या अर्जाच्या खिडकीवर आले होते. छातीत दुखतंय, नाव परत घालता येईल का, म्हणाले. मी म्हटलं, आता पुढच्या वर्षीच. हिला सांगू नका म्हणाले. मी नाही सांगितलं."

माझ्या मशीनपासून ती खिडकी वीस पावलांवर आहे. त्या दिवशी मी काय शिवत होते? आता शिवता शिवता सारखी मान वर जाते. खिडकीशी कुणी नसतं.

रागावले का? हो. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण आज बोलतेय ते वेगळ्यासाठी. शनिवारी पुन्हा अर्ज आहेत आणि हप्ता पुन्हा वाढलाय. साहेब, या वाढीतलं थोडं कारखान्यानं उचलावं, एवढं मागते. आणि बायांनो, ज्याचं नाव काढाल त्याला रोज विचारा, दुखतंय का. तो नाही म्हणेल. पुन्हा विचारा.

भाऊसाहेब, मान खाली घालू नका. त्यांनी खरं फक्त तुम्हाला सांगितलं. उद्या वहिनींना घेऊन घरी या. ते काय बोलले, छातीवर हात कुठे ठेवून दाखवला, सगळं सांगा. पोरीही ऐकतील.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. निरोपाच्या वेळी बोलू नये ते बोलले असेन, तर पोटात घाला.