झोपलेला समुद्र

बास्कोच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत एलविराला भिंतीवर स्वतःच काढलेला कड्याचा कृष्णधवल फोटो दिसला. त्या वादळी दिवशी तिनं कॅमेऱ्याचं शटर दोन मिनिटं उघडं ठेवलं होतं, म्हणून खवळलेल्या लाटा फोटोत विरून दुधासारख्या दिसत होत्या. पुढं उभं असलेलं म्हातारं जोडपं तोच फोटो निरखत होतं.

"खाली तारीख वाचा," म्हातारी नवऱ्याला म्हणाली. "नऊ जानेवारी! पलीकडच्या सबतांग बेटावर माझी बहीण वारली, तोच दिवस."

"हं."

"मी तिच्याकडं निघाले, तर तुम्ही म्हणालात, लाटा घराएवढ्या आहेत, होडी निघायची नाही. इथं तर समुद्र झोपलाय!"

"असेल."

"असेल काय? धडधडीत खोटं बोललात!"

एलविरा बोलायला गेली, तोच म्हातारी फोटोजवळ वाकली.

"थांबा. ही गुरं बघा. सगळी दगडी बांधाच्या आड, वाऱ्याकडं पाठ करून बसलीत."

"हं."

"एवढा वारा असताना समुद्र झोपेल कसा? अहो, वर्षभर मी तुम्हाला बोल लावला. गप्प का राहिलात?"

"माझ्यावर चिडून तू घरात तरी राहिलीस, नीएवेस. समुद्रावर चिडली असतीस, तर या बेटावर राहिली कुठं असतीस?"