चढावरचे आकडे

परदेशातल्या ओटाहुहु स्टेशनच्या बाकावर बेबीताई ट्रेनची वाट पाहत होत्या. शेजारी मराठी ऐकू आलं, तशी त्यांनी हळूच मान वळवली. मांडीवर पांढरी काठी घेतलेली एक मुलगी आणि मोबाइल धरलेला तिचा भाऊ बसले होते.

"मनाली, आपल्या दोन सीटच्या सायकलवरच्या कालच्या राइडच्या व्हिडिओवर मी आपले वॅटचे आकडे चढवलेत. कोण पेडलवर किती जोर लावतंय, ते कळतं."

"दादा, मला काय उपयोग?"

"मी वाचतो ना. सपाट रस्त्यावर, डेअरीच्या दुकानापाशी माझा एकशे ऐंशी, तुझा एकशे चाळीस."

"बघ! मागच्या सीटवर नुसतं ओझं. रेससाठी दुसरी कुणीतरी शोध."

"अगं बाई," बेबीताईंच्या तोंडून निघून गेलं.

"आता चढावरचे आकडे," भाऊ पुढे वाचू लागला. "माझा एकशे साठ, तुझा दोनशे दहा."

"थापा मारू नकोस."

"खरंच. माझे पाय गळाले होते. वाटलं, सायकल थांबणार. थांबलीच नाही."

"माझी समजूत काढतोयस. मावशी, तुम्ही मघापासून ऐकताय ना? तुम्ही वाचा."

समोर बेबीताईंची ट्रेन येऊन थांबली. बेबीताईंनी पर्समधून चष्मा काढला.

"हिरवा आकडा कुणाचा रे?"

"तिचा. निळा माझा."

"मग हिरवाच मोठा आहे गं. दोनशे दहा. आता तर दोनशे वीस झाला."

ट्रेनचे दरवाजे बंद झाले.

"मावशी, तुमची ट्रेन गेली."

"जाऊ दे. दुसरी येईल."

"मग चढ सुरू होतो तिथून परत वाचाल?" मनालीने विचारलं.