रुळाचा तुकडा, नंबर एकतीस

जमादार : पुन्हा वाचा, टिकेकर साहेब. सावकाश. ह्येला बी कळू द्या.

टिकेकर : "भंगार रुळाचा तुकडा एक. लांबी दोन फूट, वजन चाळीस रत्तल. एक टोक करवतीनं कापलेलं, दुसरं तोडलेलं. कापलेल्या टोकावर ठोकून उठवलेला नंबर एकतीस. हरिबा लोहार, मुक्काम आष्टा, यांस ऐरणीकरता दिला." खाली माझी सही, रेल्वेचा शिक्का.

जमादार : आता ह्यो तुकडा बघ, हरिबा. एकतीस कुठाय? माझी नजर अधू झाली असंल. तू दाव.

हरिबा : न्हाई, साहेब. घासला म्या.

जमादार : ऐकलं? मारायच्या आधीच कबूल. लय गुणी माणूस.

हरिबा : आवं, कबूल कशाचं? कापल्यालं टोक सपाट असतंय, त्येच ऐरणीचं तोंड. खंडेनवमीला त्ये भट्टीत लाल केलं, कानशीनं साफ केलं, पाणी दिलं, मग हळदकुंकू. नवी ऐरण अशीच बसवत्यात. नंबर तसाच ठिवला असता, तर फाळ म्हणू नगा, विळा म्हणू नगा, तापल्याल्या समद्या लोखंडावर एकतीस उमटला असता.

टिकेकर : उलटा उमटला असता. पण उमटला असता, हे खरं. पाणी दिलंस म्हणजे सगळं टोक बुडवलंस? रुळाचं पोलाद कडक असतं. तडकलं कसं नाही?

हरिबा : सगळं न्हाई बुडवायचं, भाऊसाहेब. चार बोटं बुडवायचं आन काढायचं. मागची धग पुढं सरकती. तोंड गव्हाळी झालं की मग पुन्हा पाण्यात.

टिकेकर : म्हणजे आतल्या उष्णतेनंच ते परत थोडं नरम होतं. हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलं नव्हतं.

जमादार : शाळा सुटली का तुमची? मग माझं ऐका. कागद खरा हाय. लोखंड खोटं हाय.

हरिबा : असं कसं म्हणता, साहेब? आठ म्हैनं हेलपाटं घातलं म्या ह्येच्यासाठनं. आमची जुनी ऐरण, आज्याची, मधनं चिरली. गाव हसायचं मला. म्हणायचं, बेचाळीसपास्नं रूळ वढ्यावघळीला पडल्यात आन ह्यो शहाणा अर्ज घिऊन हिंडतोय. घरात माझी बायकू बनुबाई सुदिक म्हणली, लोकं रातोरात आणत्यात, तुमालाच कायदा सुचतोय. म्या म्हणलं, चोरीच्या ऐरणीवर घडल्याला फाळ दुसऱ्याच्या रानात कुठल्या तोंडानं देऊ?

टिकेकर : अर्ज मीच लिहून दिला होता, जमादार. हा खरोखरीचा लोहार आहे, असा मामलेदाराचा दाखला. चालचलणूक बरी आहे, असा पाटलाचा. लढाईमुळं लोखंडावर नियंत्रण, त्याचा परवाना निराळा. तीनदा परत आला. एकदा तर शिक्का फिका उठला म्हणून.

जमादार : मग असलाच कायदेशीर माणूस मला पायजे हुता. मंगळवारी पुलाजवळ रूळ उखडला. आज शनवार. आमच्या साहेबानं सांगितलंय, दिस मावळायच्या आत नाव आणा, न्हाईतर पट्टा काढून ठेवा. पंधरा गावं पालथी घातली. फकस्त एकाच्या दारात रेल्वेचं लोखंड गावलं. लपवल्यालं बी नव्हतं. रस्त्यावरनं दिसत हुतं.

हरिबा : ऐरण कोन लपवतंय, साहेब?

टिकेकर : हा तुकडा मीच दिलाय. मी ओळखतो.

जमादार : कशावरनं? रुळाला नाकडोळं असत्यात? सगळ्या लायनीला एकाच मापाचा रूळ. तुमची तोंडी वळख साहेबाच्या फुडं टिकंल?

टिकेकर : नाही टिकणार.

जमादार : मग? उठ रं, हरिबा. चल.

हरिबा : थांबा, थांबा साहेब. भाऊसाहेब, एक बोलू? ह्येचं दुसरं टोक बघा, तुटल्यालं. त्ये बाभळीच्या वंडक्यात रवल्यालं हुतं. त्येला कानस लावली न्हाई, आग दावली न्हाई. तुमी ह्यो तोडून दिला, तवा म्या हितंच, ह्या रेल्वेच्या आवारात, उभा हुतो. तुमच्या गड्यांनी भवतीनं छिन्नीची खाच पाडली, घण घातला, आन काडकन मोडला. त्येचा जोडीदार त्यो काय, कुंपणाच्या कडंला पडलाय अजून.

जमादार : मग पडू दे की.

हरिबा : मोडल्यालं लोखंड जोडीदार वळखतंय, साहेब. बांगडी पिचली की दोन तुकडं एकमेकात बसत्यात न्हवं? तसं. तोंडाला तोंड लावून तर बघा.

टिकेकर : अरे, खरंच की! जमादार, हे मला आधी सुचायला हवं होतं. लोखंड तुटतं ते आतल्या दाण्यादाण्यातून तुटतं. त्याचे उंचवटे, त्याचे खळगे, पुन्हा तसेच कधीच होत नाहीत. दोन रूळ एकसारखे तुटणं शक्यच नाही. नंबर काय, कुणीही ठोकील. हा पुरावा नंबरापेक्षा पक्का.

जमादार : असं म्हणता? बघू की मग. मला बी शिकू द्या. हरिबा, लाव.

हरिबा : भाऊसाहेब, तुमी तिकडनं धरा. रुळाचं डोकं वर. मानंला मान आली पायजे. आता जरा फिरवा तुमच्याकडं. आजून. गव्हाएवढं आजून... आं!

टिकेकर : बसला! जमादार, इकडं या. हा इथं उंचवटा, तो बरोबर त्या खळग्यात गेला. नख घालून बघा. जात नाही. हा कागद बघा. कागदसुद्धा जात नाही!

जमादार : न्हाई जात. खरं हाय.

हरिबा : सुटलो बघा. देवानंच त्यो तुकडा हितं ठिवला. जाऊ म्या, साहेब? गाडी नाथाजीची हाय, बैलं सांजच्या मोटंला लागत्यात. ऐरण बी पुन्हा रवायची हाय.

जमादार : बस की जरा. एवढी काय घाई? ही पहार बघ. वळखतोस?

हरिबा : व्हय. माझ्या हातची.

जमादार : कशावरनं?

हरिबा : बुडाला तीन टिंबं हायती न्हवं? माझा बा बी हीच खूण ठोकायचा. लोखंड वाईट निघालं तर लोकांनी कुनाला शिव्या द्यायच्या, त्ये कळाया नगं?

जमादार : वा! लोकाची खूण घासतोस, आन सवताची ठोकतोस. ही पुलाखाली गावली.

हरिबा : आवं, असल्या धा वरसात धा-वीस न्हाई, शंभर केल्या असतील. हिरी खणणारं नेत्यात, दगडवाले नेत्यात. कुनाची कुठं ग्येली, मला काय ठावं?

जमादार : मला बी ठावं न्हाई. आन आज त्ये हुडकाया येळ बी न्हाई. आता नीट ऐक. रूळ चोरीचा, पहार तुझी, तर माणूस तू. गोष्ट मिटली. पर रूळ कायद्याचा निघाला, तर तू साव. तू साव निघालास, तरी पहार ऱ्हातीच. पहार तुझ्या भट्टीतली. भट्टी दोघा भावांची. मग ऱ्हायला कोन?

हरिबा : आकाराम? आवं, त्यो पाचगणीला दवाखान्यात हाय. श्रावणापास्नं. आफ्रिकंच्या लढाईतनं छातीत गोळी घिऊन आलाय. रगात थुकतोय. पाण्याचा तांब्या उचलंना, त्यो पहार उचलंल?

जमादार : म्हाईत हाय मला.

हरिबा : म्हाईत हाय?

जमादार : परवा गेलो हुतो की. खाटंवर उन्हाला बसला हुता. लय वाळलाय. मला बघून खाटंवरनं उठला, सलाम ठोकला. पलटणीची सवय. दम लागला बिचाऱ्याला. म्हणला, हरिबाला सांगा, माझा खोकला कमी हाय.

हरिबा : खोकला कमी हाय म्हणला?

जमादार : त्येला खाली आणाया एक मोटार पुरं. आमच्या कोठडीत मातूर वल लय. फरशीवर निजावं लागतंय. किती दिस काढंल? तू भाऊ, तूच सांग.

हरिबा : साहेब, त्येचा काय बी दोष न्हाई.

जमादार : तुझा बी न्हाई. आता दोघांचा बी दोष न्हाई, असं कसं चालंल? मला एक नाव पायजे.

टिकेकर : जमादार, हे बरोबर नाही. तुकडा जुळतोय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी तसं लिहून देतो.

जमादार : द्या की. काय लिवाल, त्ये बी सांगतो. पुलाखाली ज्याची पहार गावली, त्या लोहाराला रेल्वेचं लोखंड मी दिलं. अर्ज मी लिवला. आठ म्हैनं त्येच्यासाठनं मी खटपट केली. मग साहेब इचारंल, ह्यो बी. एस्सी. झाल्याला पोरगा, ह्येला एका लोहाराचा एवढा कळवळा कशापायी? बेचाळीसात तुमी सांगलीला कालेजात हुता न्हवं?

टिकेकर : मी कशात नव्हतो.

जमादार : ह्यो बी कशात नव्हता.

टिकेकर : माझी आई आहे घरी. ही नोकरी लागून वर्षसुद्धा झालं नाही.

जमादार : आईला घाबरवाया कशाला पायजे? आता सांगा, काय बघितलं तुमी?

टिकेकर : नंबर आढळला नाही.

जमादार : आन तुटल्यालं टोक?

टिकेकर : ते जुळतंय.

जमादार : टिकेकर साहेब.

टिकेकर : आत्ता, या क्षणी, ते जुळतंय. जुळत असताना 'जुळत नाही' असं मी लिहिणार नाही. खोटं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

जमादार : बरं झालं सांगितलं. खोटं नगाच लिवू. हरिबा, त्यो गँगवाल्यांचा घण घे. तुटल्यालं तोंड ठोकून काढ. मग साहेब खरं लिवतील.

हरिबा : म्या?

जमादार : तुझं लोखंड. तुझा हात. आमच्यानं तसं नीट व्हायाचं न्हाई. तू ठोकलंस, तर पाचगणीला मोटार जात न्हाई. मी शब्दाचा पक्का हाय. इचार कुनाला बी.

हरिबा : भाऊसाहेब, ठोकू?

टिकेकर : मला विचारू नकोस.

हरिबा : अर्जाच्या येळंला समदं तुमालाच इचारलं की. कुठला दाखला, कुठं अंगठा. आता बी सांगा.

टिकेकर : मला विचारू नकोस, हरिबा.

हरिबा : मग तुकडा तरी धरा. असा न्हाई, बोटं चेचतील. त्या जोडीदारावर आडवा ठिवा आन मागनं पायानं दाबा. तोंड माझ्याकडं. डोळं मिटा, कपच्या उडत्यात.

(घणाचे नऊ घाव.)

जमादार : लावा आता.

टिकेकर : लावतो. डोकं वर. मानेला मान... नाही बसत.

जमादार : नीट बघा. तुमाला खरं लिवायचं हाय.

टिकेकर : उंचवटे चेपलेत. कड उडालीय. फटीतून बोट जातंय.

जमादार : मग लिवा.

टिकेकर : "तुकड्यावर नंबर आढळला नाही. तुटलेलं टोक आवारातल्या तुकड्याशी ताडून पाहिलं. जुळत नाही." तारीख घातली. हरिबा, इथं अंगठा.

हरिबा : डावा. ठावं हाय. तुमीच शिकवलं.

जमादार : चल रं. पुढं हो.

हरिबा : चाललो. साहेब, नाथाजीची बैलं सकाळपास्नं उपाशी हायती, गाडी कुनाबरोबर तरी लावून द्या. बनुबाईला सांगा, आकारामाला ह्यातलं काय कळवू नगं. ऐरण फुटली म्हणून सांगायचं. आन ती मोटार?

जमादार : न्हाई जात. सांगितलं न्हवं?

हरिबा : भाऊसाहेब, ह्यो जोडीदार तुकडा भंगारातच ऱ्हाईल न्हवं?

टिकेकर : हो. कुणाचा अर्ज आला, तर देतात.

हरिबा : कुनी लोहार आला, तर त्येला बी लिवून द्या अर्ज. अक्षर लय चांगलं हाय तुमचं. फकस्त एवढं सांगा त्येला, नंबर घासू नगंस.